‘जिहाद’ या शब्दाचा अर्थ आणि बंगालचा अनुभव

(कोलकाता येथे पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

कोलकात्याच्या ईशान्येस, आजच्या उत्तर २४ परगणा जिल्ह्यात, नारकेलबेडिया नावाचे गाव आहे. १९ नोव्हेंबर १८३१ रोजी कंपनी सरकारच्या फौजेने तेथील एक किल्ला तोफा डागून जमीनदोस्त केला. किल्ला बांबूचा होता आणि त्याच्या रक्षकांपाशी मुख्यत्वे लाठ्या, भाले व दगडविटा होत्या. त्यांचा नेता सय्यद मीर निसार अली, म्हणजेच लोकांचा तितू मीर, या लढाईत मारला गेला. त्याचा सेनापती गुलाम मासूम याला पुढे फाशी देण्यात आले. या घटनेस सरकारी दप्तराने धर्मवेड्यांचा दंगा म्हटले. लढणाऱ्यांच्या लेखी तो जिहाद होता. बंगालच्या शेतकऱ्याने मात्र तो जमीनदार, नीळवाले आणि गोरा अंमल यांच्याविरुद्धचा लढा म्हणून स्मरणात ठेवला. एकाच लढ्याला तीन नावे मिळाली. ती का मिळाली, हाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. अरबी भाषेत ‘जिहाद’ म्हणजे पराकाष्ठेचा प्रयत्न, झुंज. प्रत्यक्ष लढाईसाठी ‘किताल’ असा निराळा शब्द आहे. पैगंबर मक्केत असताना, शस्त्र उचलण्याची अनुज्ञा मिळण्यापूर्वीही, कुराणात जिहादचा आदेश येतो. तेथे त्याचे साधन तलवार नसून खुद्द कुराणाचा संदेश आहे. मदिनेच्या काळात, ज्यांच्यावर जुलूम झाला त्यांना लढण्याची अनुज्ञा मिळाली. त्याचबरोबर मर्यादा ओलांडू नये, असेही बजावण्यात आले. पुढे साम्राज्ये उभी राहिली, तेव्हा धर्मशास्त्रज्ञांनी युद्धाचे नियम रचले. युद्ध कोणी पुकारावे, स्त्रिया व मुले यांना का मारू नये, याची चर्चा झाली. ‘दार-उल-इस्लाम’ व ‘दार-उल-हर्ब’ ही जगाची विभागणीही कुराणातील नसून याच शास्त्रज्ञांची आहे. सूफींनी स्वतःच्या वासनांशी झुंजणे हाच मोठा जिहाद मानला. त्यासाठी सांगितले जाणारे पैगंबरवचन अनेक हदीसपंडितांना अस्सल वाटत नाही, तरी शतकानुशतके त्याने लोकांचे मन घडवले. सारांश, युद्धाचा अर्थ या परंपरेत नाही असे म्हणणे खोटे आहे आणि तेवढाच अर्थ आहे असे म्हणणेही खोटे आहे. यांपैकी कोणता अर्थ केव्हा पुढे येतो, हे शब्दकोश ठरवीत नाही. समाजातील संघर्ष ठरवतो.

तितू मीरचे उदाहरण घ्या. तारुण्यात तो जमीनदाराच्या पदरी लाठीबहाद्दर होता. मक्केच्या यात्रेत रायबरेलीच्या सय्यद अहमद यांचा प्रभाव त्याच्यावर पडला. परतल्यावर त्याने प्रचार आरंभिला तो धर्मशुद्धीचा. त्याला साथ मिळाली ती मुख्यतः गरीब शेतकरी व विणकर यांची. पुंड्याचा जमीनदार कृष्णदेव राय याने या लोकांच्या दाढीवर अडीच रुपये कर बसवला. वसुलीवरून चकमक उडाली, मशीद जाळली गेली. कंपनीच्या न्यायव्यवस्थेकडून दाद लागेना. कलकत्त्यापर्यंत गेलेली माणसेही रिकाम्या हाताने परतली. त्यानंतरच बांबूचा किल्ला उभा राहिला. धर्मशुद्धीच्या चळवळीला शस्त्र धरायला लावले ते जमीनदाराच्या कराने आणि कंपनीच्या न्यायालयाने.

परंतु साथींनो, याच इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे आपल्याला शोभणार नाही. नोव्हेंबर १८३१ मध्ये पुंड्यावर हल्ला झाला, तेव्हा देवळापाशी गाय मारून मंदिर विटाळण्यात आले. त्या क्षणी जमीनदाराविरुद्धचा घाव शेजारच्या हिंदू शेतकऱ्याच्या श्रद्धेवर पडला. कराखाली भरडलेल्या दोघांना एकत्र आणू शकेल अशी भाषा त्या चळवळीपाशी नव्हती. धर्माने पीडितांना धैर्य दिले, संघटना दिली. पण त्याच धर्माने त्या संघटनेभोवती कुंपणही घातले. त्या चळवळीचे बळ आणि तिची मर्यादा यांचा उगम एकच आहे.

आता चाळीस वर्षे पुढे येऊ. तेव्हाच्या राजधानीत, कलकत्त्यात, अमीर खान हा चामड्याचा व्यापारी वहाबींना साहाय्य केल्याच्या संशयावरून १८१८च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली विनाचौकशी डांबला गेला. १८७० साली हायकोर्टाने त्याचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला नवाब अब्दुल लतीफ यांच्या मोहमेडन लिटररी सोसायटीपुढे मौलवी करामत अली जौनपुरी यांनी निर्णय दिला, की इंग्रजांच्या राज्यातील हिंदुस्थान हा दार-उल-इस्लाम आहे, सबब येथे जिहाद निषिद्ध आहे. करामत अली हे एके काळी सय्यद अहमद यांचेच शिष्य! ग्रंथ तेच होते, शब्दही तोच होता. मात्र सभेत बसला होता तो सरकारी नोकऱ्यांकडे डोळे लावलेला प्रतिष्ठित वर्ग. पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, हंटरचे पुस्तक आले. मुसलमानांचा धर्म त्यांना राणीविरुद्ध बंड करण्यास बांधतो काय, हा त्याचा प्रश्न होता. मुसलमानांचे जमीनजुमले व नोकऱ्या कशा गेल्या, याची नोंद त्यानेच केली आहे. म्हणजे बंडाची कारणे शासकांनाही ठाऊक होती. तरीही चौकशी झाली ती धर्माची.

याच शहराने तिसरा अर्थही पाहिला. १९१२ साली मौलाना अबुल कलाम आझाद यांनी येथून ‘अल्-हिलाल’ हे साप्ताहिक सुरू केले. परकीय सत्तेला विरोध हे मुसलमानाचे धर्मकर्तव्य असल्याचे त्यांनी मांडले. १९२२ साली कलकत्त्याच्या न्यायालयात त्यांनी, जुलमी सत्तेपुढे सत्य बोलण्याच्या इस्लामी परंपरेच्या आधारे, आरोप नाकारण्याऐवजी अभिमानाने पत्करला आणि एक वर्षाची शिक्षा स्वीकारली. ही झुंज निःशस्त्र होती आणि हिंदूंच्या खांद्याला खांदा लावून होती. १९२३ साली याच शहरात कॉ. मुजफ्फर अहमद यांना अटक झाली ती त्याच १८१८च्या रेग्युलेशनखाली. पुढे १९२४च्या कानपूर खटल्यात डांगे, शौकत उस्मानी व नलिनी गुप्ता यांच्यासह त्यांना चार वर्षांची सजा झाली. हिजरतीच्या धार्मिक आवाहनाने १९२० मध्ये देश सोडलेले उस्मानी कम्युनिस्ट होऊन परतले होते. तितू मीरपाशी नसलेली भाषा या पिढीला सापडली होती.

आज हा शब्द दोन टोकांनी ओढला जात आहे. एकीकडे निरपराधांची हत्या करणाऱ्या टोळ्या तो आपल्या झेंड्यावर लिहितात; २००८ साली देवबंदला जमलेल्या उलेमांनीच दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे जाहीर केले. दुसरीकडे हिंदू जमातवादी शक्तींनी तो शिवीसारखा वापरून प्रेम, व्यापार, जमीन, सर्वांपुढे चिकटवला आहे. ‘लव्ह जिहाद’ अशी कोणतीही संज्ञा कायद्यात नाही आणि केंद्रीय यंत्रणांकडे तसे एकही प्रकरण नाही, हे फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारला स्वतःच लोकसभेत सांगावे लागले. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हवी आहे: या शब्दाला एकच अर्थ उरावा आणि तो भयाचा असावा.

म्हणून साथींनो, वस्तीत, गिरणीच्या दारात, शेतमजुरांच्या बैठकीत हा शब्द निघाला, तर गप्प राहू नका आणि धर्मपंडिताचा आवही आणू नका. दाढीवरच्या अडीच रुपयांची गोष्ट सांगा. विटाळलेल्या मंदिराची गोष्टही तितक्याच प्रामाणिकपणे सांगा. मग एवढेच विचारा: कर कोणी बसवला होता, आणि दोन्ही धर्मांचे शेतकरी त्या कराविरुद्ध एकत्र उभे राहिले असते, तर त्या तोफांपुढे कोण असते? या प्रश्नाचे उत्तर शोधणे, हेच आपले काम आहे.