मधुमेह आणि डोळ्यांचा पडदा

मधुमेह डोळ्यांत शिरतो तो गुपचूप. वाढलेल्या साखरेने पडद्यावरच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. पुढे नव्या, नाजूक वाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं. तोवर ना दुखतं, ना खुपतं, आणि तिथेच घात होतो!

म्हणून नवा चष्मा करायला टाकण्याआधी सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे पडदा तपासून घ्या. प्रौढपणी मधुमेह निघाला तर लगेच, मग दरवर्षी. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. काही तास धूसर दिसतं, ऊन सोसवत नाही. सोबत कुणाला तरी न्या, गाडी चालवू नका.

पडद्याला सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन, नव्या वाहिन्यांसाठी लेझर, साचलेल्या रक्तासाठी शस्त्रक्रिया. इंजेक्शनला घाबरू नका, आधी डोळा बधिर करतात.