सेंद्रिय शेती कुणाच्या हाताने, अनुदान कुणाच्या नावावर?

(भंडारा जिल्ह्यातील बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'सेंद्रिय शेतीसाठी साधनं, पैसा आणि प्रशिक्षण कुठून मिळतं' असा विषय मला दिला आहे. ती माहिती मी देणारच आहे. पण आधी मला सांगा, या खरिपात रोवणीला किती जणी गेल्या होत्या? सगळ्यांचेच हात वर आहेत. आता ज्यांच्या स्वतःच्या नावावर सातबारा आहे त्यांनीच हात वर ठेवा. मोजकेच उरले. या दोन हातवाऱ्यांच्या मध्ये जे अंतर आहे, त्यातच आजचा सगळा विषय आहे.

हे आपल्याच जिल्ह्याचं आहे असं नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदार शेतकऱ्यांमध्ये स्त्रिया जवळपास १४ टक्के होत्या. शेतावर राबणाऱ्यांत मात्र त्या किती आहेत, हे बांधीत उतरून पाहिलं तरी कळतं. पऱ्हे खोदणं, रोवणी, निंदण, कापणी, भारे बांधणं, बियाणं निवडून ठेवणं ही कामं आपली. शेतकरी म्हणून नोंद मात्र दुसऱ्याची. एका गावात मी एका बाईंना विचारलं, "तुमी शेतकरी की मजूर?" त्या म्हणाल्या, "आमाले कोन इचारते बाई, आमी त घरच्या."

सेंद्रिय शेतीत कष्ट कुणाचे?

रासायनिक शेतीने आपलं नुकसान केलं, याबद्दल मला शंका नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांवर काय वेळ आली, हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही धानावर तुडतुडा आला की दुकानदार सांगेल ते औषध उधारीवर आणलं जातं. सुगीनंतर त्याचे पैसे फेडताना घरात तांदूळ कमी उरतो, आणि कमी जेवायची पाळी कुणावर येते तेही आपल्याला माहीत आहे. म्हणून विष आणि उधारी या दोन्हींतून सुटायचं असेल तर सेंद्रिय शेती हवीच.

पण तिचा हिशेब नीट मांडू या. एका एकराला जीवामृत करायचं तर साधारण २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती लागते. पंधरा लिटरचा हंडा धरला तर नुसत्या पाण्याच्या तेरा-चौदा खेपा होतात. शेण गोळा करणं, गोमूत्र धरणं, रोज ढवळणं हे कोण करतं? निंबोळी अर्कासाठी १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळ्या लागतात. त्या वेचायच्या, वाळवायच्या, कुटायच्या. तणनाशक बंद केलं की निंदणाच्या पाळ्या वाढतात, आणि निंदणाला आपल्या भागात पुरुष जात नाहीत. म्हणजे बाजारातून आणायचं सामान कमी होतं, त्याची जागा बाईचे कष्ट घेतात. प्रशिक्षणात याला 'शून्य खर्च' म्हणतात. ज्या श्रमाचा पैसा द्यावा लागत नाही तो खर्चात धरायचा नाही, ही रीत आपल्याला घरातल्या कामापासून चांगली ओळखीची आहे.

यावर उपाय म्हणून सेंद्रिय शेती सोडा, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की ती ज्यांच्या हाताने होते, तिच्यासाठी येणारी साधनं त्यांच्या हातात आली पाहिजेत. आता ही साधनं कोणती ते पाहू.

पैसा आणि प्रशिक्षण कुठे आहे?

पहिली, परंपरागत कृषी विकास योजना. केंद्र शासनाने ती २०१५-१६ मध्ये सुरू केली. यात शेतकऱ्यांचा गट करून किमान २० हेक्टरचा, म्हणजे सुमारे ५० एकरांचा पट्टा सेंद्रियखाली आणायचा असतो. तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये धरलेले आहेत. त्यातले १५,००० रुपये खतं-अर्क वगैरेंसाठी थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होतात. उरलेले प्रशिक्षण, प्रमाणीकरण आणि विक्रीसाठी असतात. एकराचा हिशेब केला तर खात्यात वर्षाला साधारण दोन हजार रुपये येतात. रक्कम मोठी नाही. पण खातं कुणाचं, हा प्रश्न रक्कम लहान असली तरी तोच राहतो.

दुसरं, राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान. याला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. यात प्रत्येक गटामागे दोन 'कृषी सखी' नेमायच्या आहेत, शेतकऱ्याला दोन वर्षं एकरी ४,००० रुपयांचं प्रोत्साहन आहे, आणि जीवामृत, अर्क वगैरे तयार करून विकणारी जैविक निविष्ठा केंद्रं उभी करायची आहेत. हे शेवटचं नीट ऐका. आज प्रत्येक बाई आपापल्या अंगणात जो ड्रम ढवळते, तेच काम गटाने केंद्र चालवून केलं तर त्याला भाव ठरतो. ज्याला जीवामृत पाहिजे तो विकत घेईल. फुकटचं काम तेव्हा धंदा होतं.

तिसरं, राज्य शासनाचं डॉ. पंजाबराव देशमुख मिशन. २०१८ मध्ये ते सुरू झालं तेव्हा पश्चिम विदर्भातले पाच आणि वर्धा मिळून सहा जिल्ह्यांपुरतंच होतं. भंडारा त्यात नव्हता. २०२३ मध्ये ते राज्यभर नेण्याचा निर्णय झाला. त्यामुळे 'हे आपल्या जिल्ह्यासाठी नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकून परत येऊ नका.

प्रशिक्षणासाठी जिल्ह्यात 'आत्मा' यंत्रणा आहे. तिच्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ३० टक्के निधी स्त्री शेतकऱ्यांवर खर्च व्हायला पाहिजे. साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे. नागपूरला केंद्र शासनाचं क्षेत्रीय जैविक व नैसर्गिक शेती केंद्र आहे. गटांचं काम पाहणारे 'उमेद' आणि महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं 'माविम', हे तर तुमच्या ओळखीचेच आहेत.

प्रमाणपत्राबद्दल अनेक जणी विचारतात. परदेशी विक्रीसाठी लागणारं त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र महाग असतं. पण देशातल्या बाजारासाठी 'पीजीएस' म्हणजे सहभागातून हमी देण्याची पद्धत आहे. गावातल्या किंवा शेजारच्या गावांतल्या किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा, शपथ घ्यायची, आणि एकमेकांच्या शेताची तपासणी आपणच करायची. रूपांतराच्या काळात 'पीजीएस ग्रीन' आणि ते पूर्ण झाल्यावर 'पीजीएस ऑरगॅनिक' असा शिक्का मिळतो. तपासणी करणारा बाहेरचा साहेब नसतो. शेजारणीच्या बांधीत खत काय पडलं हे आपल्याइतकं कुणाला कळतं? मग तपासणीच्या कागदावर सही आपली का नको?

आणखी एक आपल्या भागाचं साधन. आपला जिल्हा माजी मालगुजारी तलावांचा. त्यांचा गाळ म्हणजे शेतात घालायचं उत्तम खत. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत गाळ वाहून नेण्यासाठी अनुदान आहे, आणि त्यासाठी पात्र ठरणाऱ्यांत लहान शेतकऱ्यांबरोबर विधवा शेतकरी स्त्रियांचा स्पष्ट उल्लेख आहे. उन्हाळ्यात तलावावर मशीन लागते तेव्हा या बहिणींची यादी ग्रामपंचायतीकडे आधीच गेलेली असली पाहिजे.

दार कुठे अडतं?

या सगळ्या दारांवर एकच कुलूप आहे : सातबारा. अर्जाला सातबारा आणि आठ-अ लागतो. २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा केला आहे, आणि तो क्रमांकही जमिनीच्या नोंदीवरूनच तयार होतो. कागदावर जमीन नसलेली बाई आधी रांगेत मागे होती, आता ती संगणकालाच दिसत नाही.

त्यामुळे काय होतं ते मी गावोगाव पाहिलं आहे. प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर नवऱ्याचं नाव, खुर्चीवर नवरा, आणि घरी आल्यावर ड्रम ढवळायला बायको. एका कार्यालयात आमच्या गटाच्या बायका सेंद्रिय गटात नाव घालायला गेल्या, तर "घरच्या माणसाला पाठवा" असं सांगून परत पाठवलं. त्यांतल्या दोघींना 'घरचा माणूस'च नव्हता. त्या एकट्या शेती करत होत्या.

खरं पाहता २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या व्यापक आहे. कूळ, शेतमजूर, पशुपालक, वनोपज गोळा करणारे सगळे तिच्यात बसतात. डॉ. स्वामिनाथन यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत स्त्री शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. धोरण कागदावर राहिलं आणि तलाठी कार्यालयात जुनीच व्याख्या चालू आहे.

मग आपण काय करायचं?

पहिलं काम, नाव. नवऱ्याने अर्ज दिला तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. १९९२ च्या शासकीय परिपत्रकाने ही सोय झाली. तिला 'लक्ष्मीमुक्ती' म्हणतात. हे आपोआप आलेलं नाही. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचं प्रचंड मोठं अधिवेशन झालं, आणि त्यानंतर शेतकरी संघटनेने गावोगाव पुरुषांना बायकोच्या नावे जमीन करायला लावलं. त्याच काळात शरद जोशींनी 'सीताशेती' मांडली. स्त्रीने स्वतःच्या तुकड्यावर बाहेरची खतं-औषधं न आणता शेती करायची, ही ती कल्पना. म्हणजे स्त्रीची जमीन आणि विषमुक्त शेती या दोन गोष्टी महाराष्ट्रात तीसपेक्षा जास्त वर्षांपूर्वी एकत्र मांडल्या गेल्या होत्या. योजना आल्या तेव्हा त्यातली शेती तेवढी उचलली गेली, जमीन मागे राहिली.

मुलींनो, तुमच्यासाठी. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. 'भावाशी संबंध राहावा' म्हणून सोडपत्रावर अंगठा देण्याआधी गटात येऊन बोला. नवरा वारला असेल तर वारस नोंद तेराव्यानंतर लगेच मागा, उशीर करू नका. जंगलालगतच्या गावांत २००६ च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायचा आहे. आपला पट्टा काढून पाहा, दुसरं नाव आहे का.

दुसरं काम, भूमिहीन मैत्रिणी. त्यांना या चर्चेतून वगळून चालणार नाही, कारण रोवणीला त्याच सगळ्यात पुढे असतात. गटाने जमीन ठेक्याने घेतली तर ठेका तोंडी ठेवू नका, लिहून घ्या. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत कूळ, बटईदार आणि संयुक्त देयता गट बसतात. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही. बँकेने नाही म्हटलं तर 'नाही' लेखी मागा.

तिसरं काम, मजुरी. गटात सेंद्रिय शेतीचा ठराव कराल तेव्हा त्याच ठरावात लिहा : वाढलेल्या निंदणाचा दर काय, जीवामृत करणाऱ्या बाईला किती, कृषी सखीचं मानधन वेळेवर आलं की नाही ते कोण पाहणार. ड्रमजवळ पाण्याची सोय आणि एखादी हातगाडी मागा. हेही 'साधन' आहे.

चौथं काम, बियाणं आणि बाजार. आपल्या चिन्नोरचा वास अजून लोकांच्या नाकात आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे या लहान शेतकऱ्याने १९८३ मध्ये आपल्याच बांधीतल्या वेगळ्या लोंब्या हेरून जे वाण निवडलं, तेच आज घरोघर खाल्लं जाणारं एचएमटी. निवड करायची ही नजर आपल्याकडेही आहे, कारण बियाण्याची कोठी आपल्याच ताब्यात असते. कोणत्या घरी कोणतं जुनं धान, कोणती लाखोळी आहे, याची गटात वही करा, आणि जिने ते राखलं तिचं नाव त्यापुढे लिहा. तांदूळ स्वच्छ करून, पिशवीत भरून विकायचा असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बचत गटाच्या सभासदामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय स्त्री शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. सत्कार होतील, फोटो निघतील. आपण त्या निमित्ताने प्रत्येक गावात एक कागद तयार करू : या गावात शेती करणाऱ्या स्त्रिया किती, त्यांतल्या किती जणींच्या नावावर जमीन आहे, सेंद्रिय गटात नाव किती जणींचं, आणि पैसे जमा झाले ते खातं कुणाचं. हे चार रकाने भरून ग्रामसभेत वाचा, आणि त्याची नक्कल तालुका कृषी अधिकाऱ्याला देऊन पोच घ्या. पुढच्या शिबिराला येताना हा कागद घेऊन या. तेव्हा मी बोलणार नाही, तुम्ही तो वाचून दाखवायचा आहे.