नहरीच्या गावी स्वागत

मूलपेशी प्रत्यारोपणानंतरचे विषाणुसंसर्ग आणि मूत्राशयाचे त्रास यांवर विचार करायला आलेल्या डॉक्टरांचे, परिचारिकांचे आणि तंत्रज्ञांचे छत्रपती संभाजीनगरची स्वागत समिती मनापासून स्वागत करते.

हे गाव १६१० मध्ये मलिक अंबरने वसवले. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला, मोगलांना त्याने गनिमी काव्याने जेरीस आणले. पण गावाच्या लेखी त्याची खरी कीर्ती जमिनीखाली आहे. उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे पाणी त्याने भुयारी नहरीतून आणले, नुसत्या उताराच्या बळावर. वाटेत दाब मोकळा व्हावा म्हणून बंबे उभारले. पुढे पाणचक्कीच्या नहरीने तर यात्रेकरूंचे दळणही दळले. अंबर १६२६ मध्ये गेला. वेरूळला जाणाऱ्या गाड्या खुलताबादेतल्या त्याच्या कबरीकडे क्वचितच वळतात, याची समितीला फार खंत आहे. पाहुण्यांनी तरी वळावे.

परिषदेचा विषयही वाहते ठेवण्याचाच. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले आणि देशात ही वाट उघडली. प्रत्यारोपणात दिल्या जाणाऱ्या सायक्लोफॉस्फमाइडपासून शरीरात अ‍ॅक्रोलीन तयार होते, ते मूत्राशयाचे अस्तर जाळते. त्यावर मेस्ना आणि भरपूर सलाइन देतात. मात्र काही आठवड्यांनी लघवी लाल झाली, तर संशय बीके विषाणूवर जातो. १९७१ मध्ये मूत्रपिंडरोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो प्रथम सापडला. बहुतेकांच्या शरीरात तो लहानपणीच शिरतो, गुमान पडून राहतो आणि प्रतिकारशक्ती खचली की उचल खातो. गुठळ्यांनी लघवी अडली, की तीन तोंडांच्या नळीतून मूत्राशय रात्रंदिवस धुवावे लागते. पिशवीतला लाल रंग फिका गुलाबी झाला, की नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. खात्रीचे औषध अजून हाती नाही.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून निवासाला टँकर लावले आहेत. सकाळी थोडे थांबावे लागले तर पाहुण्यांनी पोटात घालावे. जेवणात नान-खलिया आहे, शाकाहारी पंगत वेगळी आहे, पण खुर्च्या कमी पडतील अशी धास्ती आहे.

मांडव, गाद्या, टँकर देणारे व्यापारी, वाळूजचे उद्योजक, औषधविक्रेते, सुट्टी टाकून राबणारे विद्यार्थी या सर्वांची समिती ऋणी आहे. त्याहून मोठे ऋण प्लेटलेट देणाऱ्यांचे. रक्तस्राव थांबेना, की मध्यरात्रीच्या फोनवर तेच धावून येतात. त्यांच्यासाठी पहिली रांग राखून ठेवली आहे. कृपया तिथे इतरांनी बसू नये.