मंजूर रक्कम म्हणजे दारूगोळा नव्हे



राखणीशिवाय पीक घरात येत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. देशाच्या राखणीलाही पैसा लागतो, त्याबद्दल वाद नाही. पण पैसा एकदम ओतला म्हणजे राखण वाढते का?

जर्मनीकडे पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला चढवला. तिसऱ्याच दिवशी चॅन्सलर ओलाफ शोल्झ यांनी संसदेत सैन्यासाठी १०० अब्ज युरोंचा खास निधी जाहीर केला. त्यासाठी राज्यघटना बदलली, कर्ज काढले. वर्ष संपले तेव्हा त्यातला एक सेंटही सैन्यापर्यंत पोचला नव्हता. हे विरोधकांनी नव्हे, संसदेच्या संरक्षण आयुक्तांनी मार्च २०२३ मध्ये सांगितले.

मग पैशाने काय केले? भाव वाढवले. कारखाने थोडे आणि सगळे देश एकाच वेळी गिऱ्हाईक! १५५ मिलिमीटरचा तोफगोळा २ हजार युरोंवरून ८ हजारांवर गेला, असे नाटोच्या लष्करी समितीचे अध्यक्ष रॉब बाऊअर यांनी २०२३ मध्ये सांगितले. युरोपीय संघाने युक्रेनला वर्षभरात १० लाख गोळे कबूल केले होते. मार्च २०२४ ची मुदत आली तेव्हा जेमतेम निम्मे पोचले.

आणि घोडे अडले कुठे? आपल्या कपाशीत! जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला आखूड लव चिकटून राहते. ती लिंटर. तिच्यावर आम्लाची प्रक्रिया करून तोफेची दारू बनते. ही लव युरोप मोठ्या प्रमाणात चीनकडून घेत होता. तिजोरीत अब्जावधी युरो, आणि खोळंबा सरकीच्या लवेसाठी!

मृग बरसल्यावर जो बियाणे शोधायला निघतो, तो भाव जास्त देतो आणि पेरणीही चुकवतो. सरकारचे याहून वेगळे नाही. कारखाना, कच्चा माल, कसबी कामगार यांची तजवीज आधी हवी.

आपल्या देशाने २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले. आकडा ऐकून टाळ्या वाजवू नका. माल किती आला, कोणत्या भावाने आला, वेळेवर आला का आणि त्याच्या कच्च्या मालाची किल्ली कोणाच्या हाती आहे, हे विचारा. काडेपेटी घेतानाही आपण कर भरतो. हिशेब मागणे हा देशद्रोह नव्हे. सीमेवर उभी असलेली पोरे आपलीच आहेत. त्यांच्या हाती गोळा पडायला हवा, नुसती मंजुरीची कागदे नव्हेत.