फडताळाचा फोटो

फोटो कसा बघावा, याविषयी आज बोलायचं आहे. फोटो मात्र डोंगरामागच्या सूर्यास्ताचा नाही, स्वयंपाकघरातल्या फडताळाचा आहे.

हा विषय छायाचित्रणाच्या बाळपणापासूनचा. इंग्लंडमधल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांचं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक 1844 पासून भागाभागानं निघालं. त्यातल्या एका चित्रात फळ्यांवर नुसती चिनी मातीची भांडी मांडलेली आहेत. टॅलबटना नवल याचं, की यादी लिहीत बसायला नको. भांडी कितीही असोत, कॅमेरा सगळी एका दमात टिपतो. चोरी झाली तर हे चित्र कोर्टात पुरावा म्हणून चालेल का, हाही विचार त्यांनी करून ठेवला होता! सगळा कारभार कोठीवाल्याचा.

त्याआधी दोन-अडीचशे वर्षं, 1602 च्या सुमाराला, स्पेनमध्ये हुआन सांचेझ कोतान या चित्रकारानं उलटं केलं. खिडकीसारखी एक चौकट, मागे काळाकुट्ट अंधार. दोरीला टांगलेलं बिहीसारखं फळ आणि कोबी, खाली कापलेलं खरबूज आणि एक काकडी. बस्स. काकडीचं टोक कठड्याबाहेर असं आलंय की हात लावावासा वाटतो. टॅलबटनं फळ्या भरल्या, कोताननं रिकाम्या ठेवल्या. फोटो हातात आला की आधी हेच बघा: किती ठेवलंय आणि किती सोडलंय.

आता आपलं घर. आपली पंचाईत अशी की आपलं सामान दिसतच नाही, ते स्टीलच्या डब्यांत बंद. वर डब्यात फोटो काढणाऱ्याचंच तोंड चमकतं. पण मला हे डबे उघड्या फळांपेक्षा जास्त बोलके वाटतात. कोणता डबा हाताच्या उंचीवर आहे? कुठलं झाकण चेपलंय? कॉफीच्या बाटलीत मोहरी आहे, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधलाय, कुरडयांचा डबा सगळ्यात वर गेलाय, कारण तो सणासुदीलाच उतरतो. आणि डब्यांवर कोरलेली नावं! अमक्यांकडून सप्रेम भेट, खाली लग्नाची तारीख. डाळ संपते, आहेर फळीवर राहतो. फोटोत ही अक्षरं वाचता आली पाहिजेत, म्हणून फ्लॅश नको. दिवसा, बाजूच्या खिडकीच्या उजेडात, जरा तिरकं उभं राहून काढा. अक्षरांच्या खाचांत सावली भरते.

आणि कृपा करून आधी आवराआवर करू नका. सगळ्या बरण्या एका मापाच्या, सगळ्यांवर छापील चिठ्ठ्या, असे फोटो हल्ली फार दिसतात. मला त्यांत दुकान दिसतं, घर नाही. अमेरिकेतल्या विल्यम एगलस्टन यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला एका फ्रीझरचा रंगीत फोटो काढला. आत बर्फ चढलेली, कशीही कोंबलेली पाकिटं. मांडणी शून्य, तरी नजर हलत नाही. त्या कोंबण्यातच घरातली घाई दिसते. पीटर मेन्झेल यांनी मात्र मांडूनच दाखवलं. त्यांच्या ‘हंग्री प्लॅनेट’ या 2005 च्या पुस्तकात 24 देशांतली 30 कुटुंबं आपापल्या आठवड्याच्या अन्नासह बसलेली आहेत. तिथं मांडणी हवीच, कारण एका घराची दुसऱ्याशी तुलना करायची आहे. तुम्हाला काय दाखवायचंय, ते ठरवा आणि मगच हात लावा.

फोटो परदेशातल्या बहिणीला किंवा भाच्याला पाठवणार असाल, तर खाली दोन ओळी जरूर लिहा: वरच्या डब्यात सांडगे, डावीकडे यंदाची आमसुलं, मधला पितळी डबा आजीचा, सध्या रिकामा. टॅलबटच्या कपाला ओळख करून द्यावी लागत नव्हती, बंद डब्याला लागते. आणि रिकामा डबा चित्रातून वगळू नका.