मोर कसा ओरडतो?

मी विलेपार्ल्याहून आले आहे. पूर्वेला, विमानतळाजवळच्या एका वस्तीत मी बालवाडी चालवते. डोक्यावरून विमान गेलं की आमचं गाणं अर्ध्यात थांबतं, आवाज गेला की पुढची ओळ. अशा ठिकाणची बाई प्राण्यापक्ष्यांच्या आवाजातून मुलांना गाणं शिकवण्याबद्दल काय सांगणार, असं तुम्हाला वाटेल. पण मला हे शिकवलं ते गावाकडून आलेल्या एका मुलीनं. म्हणून तुमच्यापुढे बोलायला धीर होतो.

आमच्याकडे 'नाच रे मोरा' रोज होतं. शब्द गदिमांचे, आवाज आशाताईंचा आणि चाल पु. ल. देशपांड्यांची. १९५३ च्या 'देवबाप्पा' चित्रपटातलं गाणं. पुलं लहानाचे मोठे झाले ते पार्ल्यात, म्हणून आम्हाला ते जरा जास्तच आपलं वाटतं. तर एक दिवस गाणं संपल्यावर एका मुलानं विचारलं, "बाई, मोर कसा ओरडतो?" मी म्हटलं, "केकारव करतो." तो म्हणाला, "म्हणजे कसा?" मी गप्प. पुस्तकातला शब्द माहीत होता, आवाज काही काढता येईना.

वर्गात जालन्याकडची एक मुलगी होती. आईवडील बांधकामावर. दीड महिना ती तोंडातून शब्द काढत नव्हती, कारण पहिल्याच दिवशी ती "मपलं दप्तर" म्हणाली आणि सगळी हसली. ती उठली, मान उंच केली आणि ओरडली, "म्याँऽऽव! म्याँऽऽव!" मुलं म्हणाली, हे तर मांजर. ती म्हणाली, "मांजर न्हाई. मोर हाय." मग तिनं मांजर करून दाखवलं, लगेच मोर, आणि फरक सगळ्यांना कळला. मोराचा आवाज वर फेकलेला असतो, लांबून यावा तसा. त्या दिवसापासून ती आमची गुरू झाली. शेळी, टिटवी, रेडकू, सगळं तिला येत होतं.

त्याआधी मी काय करत होते? पेटी काढायची, सा रे ग म म्हणायचं, मुलांनी मागून ओरडायचं. ती गात नव्हती, ओरडतच होती. लहान मुलांची एक गंमत असते. "आवाज चढव" म्हटलं की ती जोरात बोलतात. चढा आवाज आणि मोठा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगून कळत नाही. पावशा ऐकला की कळतं. तुमच्याकडे मे-जूनला तो "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणतो ना, तो नीट ऐका. दर वेळेस थोडा वरच्या सुरात जातो, आणखी वर, आणखी वर, आणि टिपेला पोचला की एकदम थांबतो. मुलांना हात गुडघ्यावर ठेवायला सांगा. प्रत्येक "पेरते व्हा"ला हात थोडा वर, डोक्यापर्यंत. पण आवाज मोठा करायचा नाही, नुसता वर न्यायचा. आठ दिवसांत पोरं सूर चढवायला लागतात. सारेगमची पाटी तोवर कोरी राहिली तरी चालेल.

ठेक्यासाठी तांबट. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. हा आम्हाला पार्ल्यातसुद्धा भेटतो, पिंपळाच्या शेंड्यावर. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा "टुक, टुक, टुक". घाई नाही, आळस नाही. आणि चोच मिटलेली ठेवून हा आवाज काढतो, गळा तेवढा फुगतो. मुलांनी तोंड मिटून घशातून "टुक" काढलं की हसू आवरत नाही. तांबटासोबत टाळी वाजवायची, मग तांबट थांबला तरी टाळी त्याच चालीत चालू ठेवायची. हे मोठ्यांनाही अवघड जातं. करून बघा.

हा काही माझा शोध नाही. आपल्या देवगिरीला, यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात सात सुरांना सात जीव नेमून दिले आहेत: षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळेचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा. ही यादी मुलांकडून पाठ करून घेऊ नका. सा आपण धरू तिथे असतो, मोराला विचारून धरत नाही. मला त्यातलं आवडतं ते एवढंच, की एवढ्या मोठ्या पंडितांनी बोकड आणि बेडूकही सुरांच्या पंगतीला बसवले.

वाद्यांना खर्च नाही. करवंटीच्या दोन वाट्या एकमेकींवर आपटल्या की घोडा. कंगव्याच्या दातांवरून काडी फिरवली की रातकिडा. रातकिडाही तोंडानं गात नाही, पंख पंखावर घासतो. हे सांगितल्यावर आमची मुलं दिवसभर हात घासत होती. कोंबडीसाठी रिकामा डबा घ्या. बुडाला भोक पाडा, त्यातून सुती दोरी ओवून आत गाठ मारा. ओल्या फडक्यानं दोरी चिमटीत धरा आणि खाली झटके देत ओढा. "कॉक् कॉक् कॉऽक्!" चिमूट सुटते-धरते, दोरी थरथरते आणि डबा तो थरथराट मोठा करतो. डब्याची कड मात्र आधी ठोकून बोथट करा. खुळखुळ्यात चिंचोके घातले तर तोंड पक्कं बंद करा, लहानगं एखादा नाकात घालतं. आणि घसा खरवडून वाघ काढायचा नाही, तो डब्यातून काढायचा.

सगळ्यात शेवटी बेडूक. पहिल्या पावसानंतर डबक्याकाठी एक बेडूक सुरू करतो, दुसरा उत्तर देतो, मग सगळे, आणि कुणाची चाहूल लागली की एकदम सामसूम. आम्ही दोन गट करतो, एक "डराँव", एक "टर्रर्". मी हात वर केला की सामसूम. ती सामसूमही वाजवायची असते, असं मी त्यांना सांगते. पहिले काही दिवस जमत नाही.

या खेळातच मला एक गोष्ट सापडली. एक चार वर्षांचा मुलगा होता. आई म्हणायची, हट्टी आहे, हाक मारली तरी बघत नाही. माझंही मत तेच झालं होतं, दोनदा त्याला कोपऱ्यात बसवलंही. मुलं डोळे मिटून आवाज ओळखत होती. मी मागून करवंटी, कंगवा, डबा वाजवत होते. हा डोळे उघडायचा आणि दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघायचा. करवंटीला वळला, कंगव्याला अजिबात नाही. तीन दिवस पाहिलं, मग त्याच्या आईला म्हटलं, ताई, याला हट्ट नाही, याला ऐकू कमी येतंय. तपासणीत तेच निघालं. कान वाहत होता, वर्षभर तरी. ज्या मुलाला मी शिक्षा केली त्याला माझं बोलणं पोचतच नव्हतं.

तुमच्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा यायचं असतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि "हाकेला ओ देत नाही" हे डॉक्टरांना स्वतः सांगा. पथकाची वाट बघायचीही गरज नाही. कान वाहत असेल तर आरोग्य केंद्रात घेऊन जा, कानात तेल घालू नका. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही ऐकू न येणाऱ्यांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही तपासणी होते.

तो मुलगा औषधानं बराच सुधारला. आता कंगव्याला वळतो. बेडकांच्या खेळात मात्र सामसूम झाली तरी एकटाच "टर्रर्" करत राहतो, आणि त्याला गप्प करायचा मला काही धीर होत नाही. जालन्याची मुलगी मे महिन्यात गावी गेली होती. परत आली ती एक नवा आवाज घेऊन. रात्री विहिरीकडून येतो म्हणते. आम्ही अजून ओळखतोय.