आधी वाट, मग वाहन

(अवजड वाहतुकीच्या व्यवसायात पदार्पण करू इच्छिणाऱ्या तरुणांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा सारांश)

सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्या, वीज उपकेंद्रांतील प्रचंड रोहित्रे, साखर कारखान्यांचे बॉयलर ही सर्व यंत्रे कोणीतरी रस्त्यानेच तेथवर पोहोचविली आहेत. राज्याच्या औद्योगिक प्रगतीला हातभार लावणाऱ्या या व्यवसायात आपण उतरू पाहता, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु घर किंवा शेत तारण ठेवून मोठा ट्रेलर घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या धंद्याचे खरे भांडवल वाहन नसून वाटेचे ज्ञान हे आहे.

नियमानुसार मालवाहू वाहनाची रुंदी २.६ मीटर आणि उंची सर्वसाधारणपणे ४ मीटरपर्यंत असावी लागते. समजा, आपणांस साडेतीन मीटर उंचीचे यंत्र न्यावयाचे आहे. दीड मीटर उंचीच्या साध्या ट्रेलरवर ते ठेवल्यास एकूण उंची ५ मीटर होते. तेच ९० सेंटिमीटर उंचीच्या लो-बेडवर ठेवले, तर ती ४.४ मीटर होते. दोन्ही प्रकारांत विशेष परवानगी घ्यावीच लागेल. तथापि या ६० सेंटिमीटरांच्या फरकावर वाटेतील वीजतारा, कमानी व रेल्वेपूल यांखालून वाहन निघेल की नाही, हे अवलंबून असते.

वजनाचेही तसेच आहे. २०१८ च्या सुधारणेनुसार चार टायरच्या एका आसावर ११.५ टन, दोन आसांच्या जोडीवर २१ टन आणि तीन आसांच्या संचावर २७ टन भार अनुज्ञेय आहे. पुलाच्या दृष्टीने एकूण वजनाइतकेच ते किती आसांवर विभागले आहे, यालाही महत्त्व असते. म्हणूनच रोहित्रासारखा जड माल अनेक आसांच्या हायड्रॉलिक ट्रेलरवरून नेतात. नियम डावलून जादा भार नेल्यास, २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २० हजार रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये द्यावे लागतात. जादा माल उतरविण्याचा खर्चही आपलाच असतो. पूल खचला, तर मात्र होणारी हानी कोणत्याही दंडाने भरून येत नाही.

म्हणून दर सांगण्यापूर्वी वाट स्वतः पाहावी. सोबत मोजपट्टी व वही असावी. घाटातील वळणे, जुने अरुंद पूल, गावातील लोंबत्या तारा आणि रेल्वे फाटकावरील उंचीमापक कमानी यांची नोंद करावी. राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची, तर राज्यमार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची परवानगी लागते. तारांसाठी वीज कंपनीशी आणि फाटकासाठी रेल्वेशी आधीच संपर्क साधावा. परवानगीस लागणारे दिवस, पुढेमागे चालणाऱ्या पायलट गाड्यांचा खर्च आणि वाहन अडकून पडल्यास त्या दिवसांचे भाडे कोणी सोसावयाचे, हे सर्व करारात लेखी असावे. अनेक नवे वाहनमालक कर्जात बुडतात, ते वाटेत नव्हे, तर या कागदावर.

प्रारंभ लहान असावा. मालवाहू वाहन चालविण्यास वयाची २० वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि शिकाऊ परवान्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असावा लागतो. त्यानंतर एखाद्या अनुभवी वाहतूकदाराच्या हाताखाली काम करावे. माल साखळदंडांनी कसा आवळावा, उतारावर गिअर कोणता ठेवावा, हे पुस्तकातून येत नाही. पुढे भाड्याच्या ट्रेलरवर काही कामे पार पाडावी, मालाचा व वाहनाचा विमा उतरवावा आणि कामे नियमित मिळू लागली की मगच कर्जाचा विचार करावा.

मित्रहो, ज्या पुलावरून आपला ट्रेलर जाणार, त्याच पुलावरून उद्या शाळेची मुले व उसाच्या गाड्याही जाणार आहेत. तो सर्वांचा आहे, ही जाणीव ठेवून आपण व्यवसाय कराल, तर माल सुखरूप पोहोचेल आणि आपला नावलौकिकही वाढेल.